पॅलिओचे ‘बदललेले’ इंजिन

फियाट पॅलिओ २००१ साली भारतात आली तेव्हा बहुतेकांनी १.२ लिटरचे इंजिन निवडले. सोळा व्हॉल्व्हचे, सुमारे १०० अश्वशक्तीचे १.६ लिटरचे इंजिन ज्यांनी घेतले त्यांनी ते गाडी चालवण्याच्या हौसेपोटी घेतले आणि त्या हौसेची किंमत पेट्रोल पंपावर मोजली. माझी २००३ सालची जीटीएक्स त्यांपैकीच एक. अशी गाडी वीस वर्षांनंतर ऑइल खाऊ लागते, सकाळी सुरू करताना निळा धूर सोडते आणि चढावर दम टाकते, तेव्हा इंजिनाचे काय करायचे हा प्रश्न टाळता येत नाही. नेमक्या याच प्रश्नावर पुण्यातील एका गॅरेजवाल्याने आपला धंदा उभारलेला आहे.

मार्ग तीन असतात. पहिला म्हणजे स्वतःचेच इंजिन खोलून बोअर करणे, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून थोडे मोठे घासून घेणे. त्यासाठी ओव्हरसाइज पिस्टन, पिस्टनवरच्या रिंगा आणि बेअरिंग लागतात. फियाटने २०१९ मध्ये भारतातील आपल्या गाड्यांची विक्री थांबवली असल्यामुळे हे सुटे भाग शोधत फिरावे लागते. दुसरा मार्ग मित्रमंडळी हमखास सुचवतात, तो म्हणजे १.३ मल्टिजेट डिझेल बसवण्याचा. हे इंजिन स्विफ्टपासून लिनियापर्यंत अनेक गाड्यांत होते, म्हणून ते मुबलक मिळते. परंतु पेट्रोल गाडीत ते बसवायचे म्हणजे वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक), इंधनाची टाकी सगळेच बदलावे लागते, शिवाय आरसी बुकातले इंधन वेगळे पडते. मला तो विचार पहिल्यापासून पटला नाही. तिसरा मार्ग म्हणजे सिएना किंवा पेट्रा या फियाटच्याच गाड्यांमधले जुने १.६ इंजिन आणणे. ते पॅलिओत फारशी तोडफोड न करता बसते.

गॅरेजवाल्याने तिसऱ्या मार्गाची भलामण केली. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात अपघातग्रस्त पेट्राचे कमी चाललेले इंजिन आले आहे, असे सांगून त्याने फोटो पाठवला. इंजिन धुऊन चकचकीत केलेले होते आणि त्याच्या व्हॉल्व्ह कव्हरवर पांढऱ्या खडूने ‘१.६ ओके’ असे लिहिलेले होते. सौदा ८५ हजारांना ठरला, त्यांपैकी ५० हजार आगाऊ, आणि माझे जुने इंजिन बदल्यात त्याच्याकडे राहणार होते. जुने इंजिन परत न देण्याची ही अट त्याला कशासाठी हवी होती, हे पुढे कळले.

गाडी ताब्यात देताना त्याने माझ्यासमोर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून दाखवले. आकडे उत्तम होते. झिजलेल्या रिंगांच्या इंजिनातही प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडले की रिंगांच्या फटी काही वेळ बुजतात आणि दाब वर चढतो. मेकॅनिक ही युक्ती दोष रिंगांत आहे की व्हॉल्व्हमध्ये, हे ओळखण्यासाठी वापरतात. इथे ती दोष झाकण्यासाठी वापरली गेली. भरीला दाट ऑइल आणि धूर दाबणारे औषध घातलेले होते, त्यामुळे सुरुवातीला धूरही दिसला नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यास चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गॅरेजवाला मात्र, “साहेब, तुम्ही आरटीओच्या भानगडीत पडूच नका, जुन्या गाडीला कोण विचारतंय,” असे पुनःपुन्हा सांगत होता. मी कागदपत्रे तयार करायला घेतली आणि ब्लॉकवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरची, तेलमाती पुसून, तिथल्या इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली. नंबर आरसीवरच्या नंबराशी अक्षरशः जुळला. इंजिन खरोखर बदलले असते तर तो जुळणे शक्यच नव्हते.

जाब विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर मला मूळ फसवणुकीपेक्षा अधिक धूर्त वाटते. तुम्हाला त्रास नको म्हणून नव्या इंजिनावर तुमचाच जुना नंबर पंच करून दिला, असे तो म्हणाला. नंबर घासून दुसरा ठोकणे हा गुन्हा आहे हे त्याला पुरते ठाऊक होते. आपणही त्यात अडकू या भीतीने गिऱ्हाईक गप्प बसेल, हाच त्याचा हिशेब असावा.

परंतु त्या जागी ग्राइंडर फिरल्याची खूण नव्हती आणि अक्षरे कारखान्यात उमटतात तशी एका ओळीत, सारख्या खोलीची होती. शिवाय काही वर्षांपूर्वी आल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट ब्लॉकमध्येच तुटला होता आणि तो काढताना ब्लॉकला तडा जाईल म्हणून त्या वेळच्या मेकॅनिकने तसाच ठेवला होता. त्या कामाच्या पक्क्या बिलावर तशी नोंद आहे. तोच तुटका बोल्ट, त्याच भोकात, ‘पेट्राच्या’ इंजिनातही होता. थोडक्यात, माझेच इंजिन उतरवून, धुऊन, रंग मारून मला विकण्यात आले होते. परत द्यायला दुसरे इंजिन नव्हतेच, म्हणून ती अट.

पैसे यूपीआयने दिले होते आणि बोलणे व्हॉट्सअॅपवर झाले होते, हे उपयोगी पडले. गॅरेजने दिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर ‘इंजिन काम’ एवढेच मोघम लिहिलेले आहे. पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीसाठी वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही, म्हणून तिथेही तक्रार दाखल केली असून ती प्रलंबित आहे. दुसऱ्या मेकॅनिककडे आता याच ब्लॉकचे बोअरिंग करून घेत आहे.

दरम्यान साताऱ्यातील एका सिएनामालकाने मला त्याला आलेला फोटो दाखवला. इंजिन अपघातग्रस्त पेट्राचे, कुर्ल्याहून नुकतेच आलेले, आणि व्हॉल्व्ह कव्हरवर खडूने तसेच ‘१.६ ओके’. हा फोटो आणखी कोणाला आला असेल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी इंजिन नंबर स्पष्ट दिसेल असा व्हिडिओ मागवावा, तो नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्यावा आणि आपले जुने इंजिन हातात पडल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये. सिएनामालकाने व्हिडिओ मागितल्यावर ते इंजिन ‘कालच विकले गेले’.