छाती न उघडता फिस्टुला बंद केला : डॉक्टरांना पाच, बिलिंगला शून्य

आम्ही पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षवाले. धाकटीच्या शाळेत तपासणी झाली तेव्हा तिच्या छातीत मर्मर (ठोक्यांमधला जास्तीचा आवाज) ऐकू आला, मग टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कोरोनरी फिस्टुला निघाला. कोरोनरी म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी. उजव्या कोरोनरीतून एक जास्तीची वाट जन्मापासूनच थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात उघडलेली. नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं आणि मला लगेच उमगलं. ठिबकची नळी मधेच फुटली की पाणी तिथंच वाहून जातं अन् शेवटची झाडं सुकतात, तसं. छोटा असता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. गिऱ्हाईक गळाला लावणारा माणूस असं बोलत नाही.

काम जांघेतून. धमनीतून नेलेली बारीक तार फिस्टुल्यातून पार करायची, उजव्या बाजूला फासात पकडून शिरेतून बाहेर ओढायची आणि त्याच तारेवरून वाट बुजवणारा प्लग आत न्यायचा. प्लग सोडण्याआधी त्यांनी फुगा फुगवून वाट थोडा वेळ बंद ठेवली अन् ईसीजी बदलतोय का ते बघत थांबले. हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी एखादी फांदी सोबत बंद व्हायला नको म्हणून. नंतर फिल्म दाखवली: आधी फिल्मवर काळं दिसणारं औषध भसाभस उजव्या कप्प्यात शिरतंय, नंतर प्लगपाशी अडलंय आणि कोरोनरीच्या बारीक फांद्या भरल्यात.

त्यानंतर पाय सरळ, अजिबात हलवायचा नाही. सात वर्षांच्या पोरीला हे सांगून बघा! रात्रपाळीच्या सिस्टरनं मोबाईलवर कार्टून लावलं, बायकोला म्हणाली, “ताई, तुम्ही जरा पडा,” आणि स्वतः हिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली.

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बिलिंगचं गाऱ्हाणं आहे. सकाळी डिस्चार्ज सांगून संध्याकाळ केली. प्लगची किंमत एस्टिमेटमध्ये एक, बिलात दुसरी. डब्यावरचं स्टिकर मागितलं तेव्हा कुठं दुरुस्त झाली. तुम्ही जाल तर ते स्टिकर फाइलला लावून घ्या, डिव्हाइस कार्डही (आत कोणता प्लग बसवलाय ते लिहिलेलं कार्ड) मागा.

जादा रक्त वाहून आधीच फुगलेल्या कोरोनरीत रक्त साकळू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन चालू आहे. दात काढायचा झाला तर आधी विचारा, म्हणालेत. पुढचा इको छाटणीच्या आधी.