व्हीएस कोड एक्स्टेंशनच्या टाइप-व्याख्या आणि स्कीमा : चार महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात, दांडिया बाजारातील आमच्या छोट्या कार्यालयात, एकाच अ‍ॅपचा मजकूर मराठी आणि गुजराती अशा दोन भाषांत सांभाळावा लागतो, आणि एखादी ओळ एका भाषेच्या जेसन फाइलमधून (नाव आणि मजकूर अशा जोड्या ठेवणाऱ्या फाइलमधून) गळून जाणे हे आमचे जुने दुखणे आहे. त्या ओळी हुडकण्यासाठी मी व्हीएस कोड या कोड-संपादकाचे एक्स्टेंशन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहिले. त्यासाठी वापरलेल्या दोन साधनांविषयी, म्हणजे ‘अ‍ॅट टाइप्स व्हीएसकोड’ हे पॅकेज (संपादकाच्या फंक्शनांना काय द्यायचे आणि त्यांतून काय मिळते हे सांगणाऱ्या टाइप-व्याख्या) आणि पॅकेज डॉट जेसन या एक्स्टेंशनच्या माहिती-फाइलमधील स्कीमा (कोणत्या नोंदी कशा असाव्यात याचा आराखडा) यांविषयी, हा अभिप्राय आहे.

टाइप-व्याख्या मला मनापासून आवडल्या. प्रत्येक फंक्शनचे स्पष्टीकरण व्याख्येच्या फाइलमध्येच असल्यामुळे संपादक सोडून बाहेर शोधायला जावे लागत नाही. या पॅकेजची आवृत्ती पॅकेज डॉट जेसनच्या ‘इंजिन्स’मध्ये नोंदवलेल्या संपादकाच्या किमान आवृत्तीपेक्षा वरची असेल, तर व्हीएससीई हे एक्स्टेंशन बांधणारे साधन ते बांधायलाच नकार देते. ही सक्ती योग्यच आहे, कारण एरवी जुन्या संपादकात अस्तित्वातच नसलेले फंक्शन आपण बोलावू आणि कंपायलर (कोड चालण्याआधी त्यातील टाइप तपासणारा प्रोग्रॅम) त्याला बिनदिक्कत संमती देईल.

पॅकेज डॉट जेसनमधील ‘जेसन व्हॅलिडेशन’ या सोयीने तर आमचे निम्मे काम हलके केले. फाइलच्या नावाचा साचा आणि स्कीमाचा पत्ता एवढेच दिले की आवश्यक ठरवलेली नोंद गाळल्याबरोबर इशारा दिसतो. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या आमच्या अनुवादक ताईही आता आपली फाइल स्वतः तपासून देतात. सेटिंगच्या स्कीमात मात्र डॉलर-रेफ (एकदा लिहिलेल्या व्याख्येकडे बोट दाखवणारी खूण) चालत नाही, त्यामुळे काही याद्या पुन्हापुन्हा लिहाव्या लागतात.

नव्याने एक्स्टेंशन लिहिणाऱ्यांनी खरे जपावे ते सेटिंग वाचताना. ‘भाषा’ हे सेटिंग मी आधी साध्या स्ट्रिंगचे, म्हणजे अक्षरांच्या एका मजकुराचे, ठेवले होते, नंतर ते यादीचे केले, स्कीमा बदलला आणि सेटिंग वाचणाऱ्या ‘गेट’ फंक्शनला कोनी कंसात नवा टाइपही दिला. कंपायलर समाधानी होता. एका सहकाऱ्याच्या सेटिंगमध्ये मात्र गुजरातीसाठीची जुनी ‘जीयू’ ही स्ट्रिंग तशीच होती, आणि यादी समजून फिरणारा माझा लूप तिच्या एकेका अक्षरावर फिरून ‘जी’ आणि ‘यू’ नावाच्या दोन भाषा शोधत बसला. चूक माझीच होती. कोनी कंसातील टाइप हा कंपायलरला दिलेला केवळ शब्द असतो. चालत्या एक्स्टेंशनमध्ये त्याची पडताळणी कोणी करत नाही. स्कीमा सेटिंगच्या चुकीच्या किमतीखाली (व्हॅल्यूखाली) नागमोडी रेघ ओढतो, पण ती किंमत अडवत नाही. ‘गेट’ला दिलेली पर्यायी किंमतही सेटिंगला कुठेच किंमत नसेल तेव्हाच लागू होते, चुकीची असेल तेव्हा नाही.

आता सर्व सेटिंग्ज एकाच फंक्शनमधून वाचली जातात, तिथे ‘अ‍ॅरे डॉट इज-अ‍ॅरे’ने किंमत यादीच आहे ना याची तपासणी होते आणि जुनी स्ट्रिंग सापडल्यास तिची एका घटकाची यादी केली जाते. सहकाऱ्याला आपले सेटिंग बदलावे लागले नाही.