दुसरा सल्ला घेतला, सुंता टळली: पाचपैकी चार तारे

मुलगा साडेतीन वर्षांचा. शू करताना पुढच्या कातडीचा फुगा व्हायचा, म्हणून एका दवाखान्यात नेलं. तिथे दोन मिनिटांत कातडी जोरात मागे ओढली. पोरगं किंचाळलं, थेंबभर रक्त आलं. "फायमोसिस आहे, म्हणजे कातडी मागे सरकत नाही, सुंता करून टाका, मोठेपणी जास्त त्रास होतो," म्हणाले आणि तारीख दिली. मीही मुकाट्याने घेतली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मग एका बालशल्यचिकित्सक मॅडमकडे गेलो. हा अभिप्राय त्यांच्या सल्ल्याबद्दल.

मॅडमनी आधी हात लावलाच नाही. विचारलं, "फुगा झाल्यावर धार नीट येते की थेंब थेंब? शू करताना रडतो का? ताप येऊन गेलाय?" धार तर अगदी भिंतीपर्यंत जाते, पण हे मला तेव्हा पहिल्यांदाच कुणी विचारलं. मग माझ्या मांडीवर बसवूनच तपासलं. टोक मऊ होतं, अलगद ताणल्यावर थोडं उमलत होतं. पांढरा, कडक, व्रणासारखा कडा असता तर गोष्ट वेगळी, तो खरा आजार आणि तिथे सुंता लागते. आतल्या ज्या पांढऱ्या गोळ्यांना मी पू समजत होते, त्या नुसत्या झडलेल्या पेशी निघाल्या.

जन्मतः ही कातडी आतल्या भागाला चिकटलेलीच असते, सावकाश सुटते. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरांनी हे 1949 सालीच लिहून ठेवलंय. 1968 च्या एका डॅनिश अभ्यासात सहा-सात वर्षांच्या मुलांत फायमोसिस 8 टक्के होता, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत 1 टक्का. म्हणजे आमच्यासारख्यांनी वाट पाहायची. त्रास राहिलाच तर आधी चार ते आठ आठवडे स्टिरॉइड मलम, शस्त्रक्रिया त्यानंतर.

नवऱ्याने इंटरनेटवरचे सुंतेचे फायदे काढले: जंतुसंसर्ग टळतो, एचआयव्ही टळतो. मॅडम चिडल्या नाहीत, हे विशेष. आफ्रिकेतल्या तीन चाचण्यांत पुरुषांना बाईकडून होणारी एचआयव्हीची लागण साधारण 60 टक्क्यांनी कमी झाली, म्हणून 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिथे साथ मोठी आहे तिथे सुंतेची शिफारस केली, हे त्यांनी मान्य केलं. "पण त्या चाचण्या मोठ्या पुरुषांवरच्या. याला ते मोठेपणी स्वतः ठरवता येईल." लघवीच्या संसर्गाचं म्हणाल तर 2005 च्या एका आढाव्यानुसार एक संसर्ग टाळायला सुमारे 111 सुंता कराव्या लागतात. 2012 मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणाली की फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत, पण सरसकट सगळ्या नवजातांची करा म्हणण्याइतके नाहीत. नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2010 मध्येच वैद्यकीय कारणाशिवाय करण्याला विरोध केला होता. अभ्यास साधारण तेच, निष्कर्ष दोन! "धर्मासाठी करणारे आईवडील माझ्याकडे येतात, त्यांच्याशी मी निराळं बोलते," एवढंच म्हणून त्या थांबल्या. मला ते आवडलं.

घरी काय करायचं? वरून पाणी घालायचं, कातडी ओढायची नाही. बस.

एक तारा का कापला, तर दीड तास ताटकळत बसलो आणि तपासणीच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. शिवाय आधीच्या दवाखान्यात झालेल्या प्रकाराबद्दल मी विचारलं, तेव्हा मॅडम "विसरेल तो" एवढंच म्हणाल्या. अजून तरी विसरलेला नाही. आंघोळीला दोन्ही हात पुढे धरून उभा राहतो आणि आधी विचारतो, "ओढणार नाहीस ना?"