जुन्या गेमसाठी कोणते गाइड उघडावे? चाहत्यांची टेक्स्ट फाइल, छापील पुस्तक, विकी की व्हिडिओ

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एखादा लांबलचक गेम आज पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला पहिल्या काही तासांतच कळून चुकते की, या गेमला आपली फारशी काळजी नाही. पुढे कोठे जायचे हे दाखवणारा बाण नसतो, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने एकदाच उच्चारलेले वाक्य निसटले तर ते पुन्हा ऐकायला मिळेलच असे नाही, आणि सेव्ह करण्याची जागा चुकली तर तासाभराची मेहनत पाण्यात जाते. अशा वेळी मदत घेण्यात कमीपणा काही नाही. प्रश्न एवढाच की ती कोणाकडून घ्यावी. चाहत्यांनी लिहिलेली जुनी टेक्स्ट गाइड, कंपन्यांनी छापलेली अधिकृत पुस्तके, अनेकांनी मिळून लिहिलेली आणि कोणालाही सुधारता येणारी विकी ही संकेतस्थळे आणि व्हिडिओ असे चार मार्ग समोर असतात. मी चारही वापरले आहेत आणि माझा कल टेक्स्ट फाइलकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र तो कल प्रत्येक गेमला लागू पडत नाही, आणि निवड करणाऱ्याने नेमके तेच पाहायला हवे.

ज्यांनी ही टेक्स्ट गाइड पाहिलेलीच नाहीत, त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या गेमफॅक्स या संकेतस्थळावर अशा गाइडचा सर्वांत मोठा साठा जमत गेला. लिहिणारे बहुतेक विद्यार्थी किंवा नोकरी सांभाळून खेळणारे हौशी लोक होते. फाइल उघडली की वर गेमचे नाव दिसते, पण ते साध्या अक्षरांत नसते. तिरप्या रेघा, कंस, डॉलरची चिन्हे यांची वीण घालून ते काढलेले असते आणि पुष्कळदा इतके नक्षीदार असते की वाचताच येत नाही. त्याखाली आवृत्त्यांची नोंद असते: अमुक दिवशी दुसऱ्या डिस्कपर्यंतचा भाग पूर्ण केला, अमुक दिवशी शस्त्रांचा तक्ता जोडला, मग परीक्षेमुळे दोन महिने काहीच झाले नाही. मग कोणत्या संकेतस्थळांना ही फाइल ठेवण्याची परवानगी आहे याची यादी, ती विकणाऱ्यांना दिलेली सज्जड तंबी, आणि ईमेल पाठवण्याचे नियम. या नियमांत गाइडमध्ये उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा विचारणाऱ्यास उत्तर मिळणार नाही, हे कलम बहुतेक ठिकाणी सापडते. एवढे झाल्यावर कोठे गेम सुरू होतो. एका ओळीत ७९ पेक्षा जास्त अक्षरे नसत, कारण जुन्या टेक्स्ट पडद्यांवर एका ओळीत ८० अक्षरेच मावत. ही मर्यादा इतकी अंगवळणी पडली होती की काही लेखक शब्दांची निवड करून प्रत्येक ओळ अगदी एकाच लांबीवर संपवत. त्या मेहनतीचा खेळणाऱ्याला काडीचाही उपयोग नाही, तरीही ती पाहून लेखकाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

चार मार्गांतला फरक एकाच अडचणीवर तपासला तर स्पष्ट होतो. १९९८ च्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम' या गेममधले जलमंदिर घेऊ. त्यातील पाण्याच्या तीन पातळ्या आहेत. ठरलेल्या तीन जागी एक धून वाजवली की पाणी त्या त्या पातळीवर येते, आणि कोणत्या पातळीला कोणते दार गाठता येते हे डोक्यात ठेवत छोट्या किल्ल्या जमवाव्या लागतात. यातली एक किल्ली हमखास राहून जाते. मधल्या मनोऱ्यात पाणी मधल्या पातळीवर आणले की तळाचा ठोकळा पाण्याबरोबर तरंगत वर येतो आणि त्याच्या जागी खाली जाणारी वाट उघडी पडते. किल्ली त्या वाटेने खाली मिळते. खेळणारा मात्र पाणी चढल्याच्या आनंदात मनोऱ्याबाहेर पडतो आणि पुढे अर्धा तास बंद दारांवर डोके आपटत फिरतो.

आता हीच किल्ली चारही ठिकाणी शोधून पाहावी. छापील पुस्तकात मजल्यांचे रंगीत नकाशे असतात, त्यामुळे मंदिराची एकूण रचना एका नजरेत कळते. पण नकाशा वरून पाहिलेला असतो, आणि ही वाट ठोकळ्याखाली आहे. विकीवर किल्ली नक्की सापडेल, मात्र तेथील मजकूर अनेकांनी मिळून तासून गुळगुळीत केलेला असल्यामुळे कोणत्या वाक्याशी थबकायला हवे हे वाचताना जाणवत नाही. व्हिडिओत ठोकळा वर येताना प्रत्यक्ष दिसतो आणि शंकेला जागा उरत नाही. परंतु तो क्षण चाळीस मिनिटांत नेमका कोठे आहे हे शोधताना पुढची दोन कोडी सुटलेली पाहावी लागतात, आणि मग ती आपण सोडवली असे म्हणता येत नाही. टेक्स्ट गाइडमध्ये अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक भागासमोर चौकटी कंसात चार-पाच अक्षरांचा एक संकेत दिलेला असतो. कंट्रोल-एफ दाबून तो टाकला की थेट मंदिरात उतरता येते. आणि किल्लीच्या जागी लेखक हटकून आवाज चढवतो. थांबा, बाहेर पडू नका, खाली पाहा, अशा अर्थाच्या ओळी मोठ्या अक्षरांत येतात, कारण तो स्वतः तेथे फसलेला असतो आणि तो राग त्याने जपून ठेवलेला असतो.

छापील पुस्तकांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. त्यांचा कागद, चित्रे आणि पात्रांची मूळ रेखाटने यांना तोड नाही, आणि टेक्स्ट फाइल त्या बाबतीत जवळपासही येत नाही. पण गेम बाजारात येईल त्याच दिवशी पुस्तक दुकानात हवे, या अटीमुळे लेखकांना पुष्कळदा अपुऱ्या किंवा प्रकाशनापूर्वीच्या आवृत्तीवर काम करावे लागे, आणि एकदा छापलेली चूक कायमची चूक राहत असे. 'फायनल फँटसी ९' च्या इंग्रजी आवृत्तीबरोबर २००० मध्ये आलेले ब्रॅडीगेम्स या गाइड-प्रकाशकाचे पुस्तक तर अजूनही उपहासाने आठवले जाते, कारण त्यात महत्त्वाच्या जागी माहिती देण्याऐवजी एक सांकेतिक शब्द दिलेला होता आणि तो प्लेऑनलाइन या संकेतस्थळावर टाकून उरलेले वाचावे अशी योजना होती. पुस्तक विकत घेऊनही संगणक सुरू करावाच लागणार असेल, तर त्याच संगणकावर फुकटची टेक्स्ट फाइल काय वाईट, असा विचार अनेकांनी केला. या क्षेत्रातील दुसरे मोठे नाव असलेल्या प्रायमा गेम्सने २०१८ मध्ये छापील गाइड बंद करत असल्याचे जाहीर केले. आज असे पुस्तक हाती आले तर ते गेम संपल्यावर चाळण्यासाठी ठेवावे. त्याची खरी मजा तेव्हाच आहे.

विकीची बाजू अधिक भक्कम आहे. शस्त्रांचे आकडे, कोणत्या शत्रूकडून कोणती वस्तू किती टक्के शक्यतेने मिळते, दोन आवृत्त्यांमध्ये काय बदलले, अशा प्रश्नांना विकीइतके नेमके उत्तर इतरत्र मिळत नाही, कारण कोणा एकाचा उत्साह संपला म्हणून तेथील काम थांबत नाही. तिची अडचण वेगळीच आहे: विकीला तुम्ही गेममध्ये कोठे पोहोचला आहात हे ठाऊक नसते. एखाद्या पात्राचे नाव कसे लिहितात एवढेच पाहायला जावे आणि पहिल्याच वाक्यात त्याचा शेवट वाचावा लागावा, हा अनुभव ज्याला आलेला नाही तो भाग्यवान. याउलट टेक्स्ट गाइड खेळणाऱ्याच्या पावलाने चालते आणि बहुतेक लेखक कथेतील धक्के जीव लावून सांभाळतात.

हे पावलाने चालणे केवळ कथेपुरते महत्त्वाचे नाही. २००६ च्या 'फायनल फँटसी १२' मध्ये झोडियाक स्पीअर नावाचा एक भाला आहे. तो ठरलेल्या जागी मिळवायचा असेल तर वाटेत येणाऱ्या खजिन्याच्या काही विशिष्ट पेट्या उघडायच्याच नसतात, आणि त्यांपैकी पहिली पेटी पहिल्या शहरातच, सहज पायाखाली येईल अशी ठेवलेली आहे. गेम याची पुसटशीही सूचना देत नाही. विकीवर ही माहिती भाल्याच्या पानावर व्यवस्थित दिलेली असते; पण भाला अस्तित्वात आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो त्या पानावर जाणार कसा? टेक्स्ट गाइडमध्ये ताऱ्यांच्या ओळींनी वेढलेला इशारा पेटीच्या आधी दोन ओळी येतो. 'सुइकोडेन' मालिकेतील १०८ साथीदार जमवतानाही हेच घडते. काही जण ठरावीक टप्प्यानंतर मिळत नाहीत, आणि पहिल्या भागात सगळे वेळेवर जमले तर कथेतील एक मोठी गोष्ट बदलते. कोणती, ते येथे लिहीत नाही. ज्या गेममध्ये काही कायमचे हुकण्याचा धोका आहे, तेथे मी दुसरा कोणताही पर्याय सुचवणार नाही.

आता टेक्स्ट गाइडच्या विक्षिप्तपणाविषयी. या फाइलींमध्ये अवांतर मजकूर भरपूर असतो. एखाद्या बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या, वर्णनात लेखकाच्या धाकट्या भावाने त्याला कसे पहिल्याच प्रयत्नात हरवले याची तक्रार येते, एखाद्या पात्राच्या केशरचनेवर परिच्छेदभर टीका येते, आणि शेवटच्या आभारांत रात्री जागे ठेवणाऱ्या पेयापासून शाळेतल्या सगळ्या मित्रांपर्यंत कोणी सुटत नाही. घाईत असलेल्याला हे सारे ओलांडून जाणे कंटाळवाणे वाटेल, आणि तो आक्षेप मी खोडून काढणार नाही. परंतु सलग खेळणाऱ्याला याचा एक व्यावहारिक उपयोग असतो: दोन-तीन प्रकरणांत लेखकाचा स्वभाव कळतो. तो पात्रांची लेव्हल, म्हणजे ताकदीची पातळी, वाढवण्यात तासन्तास घालवणारा असेल तर तो ज्याला सोपे म्हणतो ते आपल्याला जड जाणार, आणि तो धडाक्यात पुढे जाणारा असेल तर त्याने कोपऱ्यातल्या पेट्या सोडलेल्या असणार, हे गृहीत धरून वाचता येते. या मनोऱ्यात आणखी एक पेटी आहे असे म्हणतात, मला ती सापडली नाही, अशी कबुली छापील पुस्तकात सहसा नसते आणि विकीवर ती कोणीतरी पुसून टाकतो. मला मात्र तीच ओळ सर्वांत विश्वासार्ह वाटते.

अर्थात विश्वासालाही मर्यादा हवी. पोकेमॉनच्या पहिल्या गेममध्ये बंदरातल्या ट्रकखाली म्यू नावाचा दुर्मीळ पोकेमॉन लपला आहे ही अफवा खेळणाऱ्यांत इतकी पसरली होती की, ती खोटी आहे हे सांगण्यासाठी गाइडमध्ये वेगळा प्रश्न घालावा लागे. अशा अफवा खोडणारी गाइड होती, तशीच त्या निष्ठेने पुढे नेणारीही होती. एकाच गेमची दोन गाइड शेजारी उघडून ठेवली तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

हातांच्या कौशल्याचा प्रश्न आला की मात्र टेक्स्टने मागे हटावे. 'सुपर मेट्रॉइड' मधली भिंतीवरून उसळी घेण्याची युक्ती शब्दांत सांगायची तर भिंतीकडे झेप घ्या, विरुद्ध दिशेचे बटण दाबा आणि लगेच उडीचे, एवढीच आहे. पण त्या 'लगेच' मध्ये सगळे अडते, आणि पाच सेकंदांचा व्हिडिओ ते जसे दाखवतो तसे कोणतेही वाक्य दाखवू शकत नाही. त्यामुळे धावणे, उड्या आणि नेमक्या वेळेचा खेळ असेल तर व्हिडिओ पाहावा आणि गरजेचा तुकडा संपताच बंद करावा. ज्याला उत्तर नको, फक्त धक्का हवा आहे, त्याच्यासाठी १९८८ पासून चालत आलेली युनिव्हर्सल हिंट सिस्टिम आहे. ती एकेक इशारा पायरीपायरीने उघडते आणि कोड्यांच्या साहसी गेमना ती चौघांपेक्षाही अधिक शोभते.

टेक्स्ट गाइड निवडणाऱ्याने दोन गोष्टी आधी कराव्यात. फाइल मोबाइलवर उघडत असाल तर सगळ्या अक्षरांची रुंदी सारखी असलेला फाँट निवडावा आणि मोबाइल आडवा धरावा, नाहीतर अक्षरांनी काढलेल्या नकाशांतल्या भिंती विस्कटून दारे भलतीकडेच दिसतात. दुसरे म्हणजे आपण खेळत असलेली आवृत्ती आणि गाइडमधली आवृत्ती ताडून पाहावी. 'फायनल फँटसी १२' ची २०१७ ची नवी आवृत्ती खेळणाऱ्याला पेट्यांचा तो इशारा लागू नाही, कारण ती अटच काढून टाकलेली आहे. आणि 'ऑकरिना' च्या २०११ च्या आवृत्तीत जलमंदिराच्या भिंतींवर पाणी बदलण्याच्या जागांकडे नेणाऱ्या रंगीत पट्ट्या आहेत, त्यामुळे तेथे जुन्या गाइडमधला वैताग वाचून उगाच घाबरायला होते. मग आवृत्त्यांची नोंद पाहावी. तीत शेवटचा किल्ला पुढच्या आठवड्यात लिहितो असे म्हटलेले असेल आणि त्याखाली दुसरी नोंदच नसेल, तर त्या किल्ल्यापुरते दुसऱ्या कोणाचे गाइड आधीच शोधून ठेवावे.