टेप लावली तेव्हा कळलं

सोलर बसवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. मी तासगावचा, बेदाण्याच्या सौद्याला दाणा तोंडात टाकल्याशिवाय बोली न लावणारा माणूस, आणि छतावर मात्र न बघता १ लाख ४० हजार घालवून बसलोय.

मार्चमध्ये मेव्हण्याच्या ओळखीचा एकजण घरी आला. ३ किलोवॅटचं काम, ५४० वॅटचे ६ पॅनेल, पीएम सूर्यघरची ७८ हजार सबसिडी खात्यावर येणार म्हणजे तुम्हाला पडलं ६२ हजारात. बाकीच्यांची कोटेशनं १ लाख ८० च्या पुढं होती, तिथंच डोक्यात यायला पाहिजे होतं, पण मेव्हणा शेजारी बसून चहा पीत मान हलवत होता.

दोन दिवसात पॅनेल चढले. नेट मीटर, म्हणजे घरात आलेली आणि बाहेर लाईनीत गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा, यायला वेळ आहे, तोवर चालू ठेवा म्हणाला, ठेवलं. पुढचं बिल आलं ते आधीपेक्षा जास्त! आमच्या जुन्या मीटरला वीज येतीय का जातीय ते कळतच नाही, दुपारी बाहेर गेलेली वीजपण त्यानं आमच्या वापरात धरली. नेट मीटर बसेपर्यंत सिस्टीम चालू करायचीच नसते हे नंतर वायरमननं सांगितलं.

आणि ॲपवर युनिट दिवसाला ६, फार तर ७. एप्रिलच्या उन्हात ३ किलोवॅटला १२ च्या आसपास पडायला पाहिजेत. विचारलं तर म्हणे धूळ बसलीय, पाणी मारा. रोज सकाळी पाणी मारलं, बायको म्हणाली म्हशीला कधी एवढं धुतलं नाही. युनिट तेवढेच.

मग सुट्टीला पुतण्या आला, आयटीआय इलेक्ट्रिशियन. वर गेला आणि आधी टेप लावली. साडेसहा फूट बाय सव्वातीन. "काका, ५४० चा पॅनेल साडेसात बाय पावणेचार असतोय, एवढ्याशा काचेत ५४० बसतच नाही." मग खाली वाकून मागचं स्टिकर नखानं उचकटलं तर आत दुसरं स्टिकर, निम्मं खरवडलेलं, त्यावर ३३५ वॅट. निळे पॉली पॅनेल, कुठून तरी काढून आणलेले असणार. वरच्या स्टिकरवर ना बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा मार्क, ना आयएस १४२८६ हा पॅनेलचा मानक क्रमांक, ना रजिस्ट्रेशन नंबर, आणि सहाच्या सहा पॅनेलला सिरियल नंबर एकच!

सबसिडीचं तर अजून भारी. त्याला डीसीआर पॅनेल लागतात, म्हणजे आतले सेलपण भारतातले आणि पॅनेलपण, शिवाय वेंडर, म्हणजे बसवून देणारा, योजनेच्या पोर्टलवरच्या यादीतला लागतो. आमचा गडी यादीत नव्हताच. "फाईल महावितरणला पडलीय" असं दर आठवड्याला सांगायचा, आणि अर्ज भरलाच नव्हता. अर्जाचा ओटीपी आपल्याच मोबाईलवर येतो, मला एकही आला नाही आणि मला त्यात काही वाटलंपण नाही.

तेव्हा पॅनेल अंगणात आहेत तोवरच टेप लावा, प्रत्येकाच्या सिरियल नंबरचा फोटो काढा आणि तेच नंबर डीसीआर सर्टिफिकेटवर आहेत का ते जुळवून मगच वर चढवू द्या.

आता त्याचा फोन लागत नाही. मेव्हणा म्हणतो मी फक्त ओळख करून दिली. सांगलीला ग्राहक आयोगात जायचं म्हणून वकिलाकडं गेलो, त्यांनी कागद मागितले. माझ्याकडं जीएसटी नंबर नसलेलं लेटरपॅड आणि यूपीआयची ४० हजाराची एंट्री. बाकीचे १ लाख रोख दिलेत, मेव्हण्यासमोर.