जुनी बासेल मिशनची मंगलोरी कौलं – मिळाली तर सोडू नका

गावच्या घराच्या पडवीसाठी नवीन कौलं न घेता पाडलेल्या घरांचा माल विकणाऱ्याकडून जुनी बासेल मिशनची उचलली, आणि खरंच सांगते, आख्खा पावसाळा गेला तरी आत थेंब नाही. टिचकी मारली की खणखणीत वाजतात, खाचा एकमेकीत घट्ट बसतात आणि पोटावरचा ठसा अजून सहज वाचता येतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, विकणारे ठशातलं 1865 दाखवून भाव चढवतात पण ते कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे, तुमचं कौल त्यानंतर कधीही भाजलेलं असू शकतं.

मला खरं कौतुक वाटतं ते या मालामागच्या विचाराचं. स्वित्झर्लंडच्या बासेलहून आलेले हे प्रोटेस्टंट मिशनरी, हातातलं काम नीट करणं हीच देवाची सेवा, वेळ वाया घालवायचा नाही, पैसा कमवा पण चैनीवर उडवू नका असं मानणारे. मंगलोरात जे ख्रिस्ती झाले त्यांना जातीने बाहेर काढलं, धंदा गेला, त्यात बिल्लव लोकांचं ताडी काढायचं काम मिशनला पटत नव्हतं, मग पोटाला काय? सुतारकाम, घड्याळं असं बरंच करून बघितलं, शेवटी छपाई, विणकाम आणि कौलं चालली. नेत्रावती नदीच्या काठची चिकणमाती हेरून मंगलोरातल्या जेप्पूला कौलांचा कारखाना काढला तो मिशनच्याच प्लेब्स्टने. मिशनचा व्यापार बघणाऱ्या कंपनीत भागधारकांना ठरावीक टक्केच लाभांश, वरचा नफा मिशनच्या कामाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने प्रोटेस्टंट श्रद्धा आणि भांडवलशाहीचं नातं मांडलं 1904-05 मधे, इथे ते त्याच्या 40 वर्षं आधी मातीत उतरलं होतं!

अर्थात सगळं गोड नव्हतं. कामगाराचा मालक आणि धर्मगुरू एकच, मग तक्रार करायची कुणाकडे, हे मला खटकतंच. आपण धर्म सांगायला आलो की धंदा करायला, यावर मिशनमधेही वाद होतेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी कारखाने ताब्यात घेतले, ते पुढे कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले.

घेताना प्रत्येक कौल वाजवून घ्या, बद्द आवाज आला तर बाजूला ठेवा. दुसऱ्या कंपनीची कौलं यात मिसळू नका, खाचा जुळत नाहीत आणि तिथूनच गळतं. वजन चांगलंच आहे, वासे आणि रीपा आधी सुताराला दाखवा. कोने (आढ्यावर बसणारी कौलं) मात्र जुने मिळणं कठीण, ते मी नवीनच घातले.