कळंबा रोडवरचं चार विंगचं संकुल: सॅम्पल फ्लॅटच्या आधी साइट प्लॅन मागा

बांधकाम, फिटिंग यात खोट नाही. पण विजेच्या हिशेबात ए आणि डी विंगमधले एकाच मापाचे टू-बीएचके दोन वेगळ्या गावचे वाटावेत इतका फरक आहे.

ए आणि बीच्या खिडक्या उत्तर-दक्षिण आहेत. कोल्हापुरात डिसेंबरात भर दुपारी सूर्य साधारण ५० अंशांवर असतो, मे महिन्यात थेट डोक्यावर. त्यामुळे दक्षिणेला २ फुटी छज्जा पुरतो. डी मात्र प्लॉटमध्ये बसवायला आडवी फिरवली आणि सगळ्या बेडरूम पश्चिमेला गेल्या. मे महिन्यात पाच वाजता ऊन २५ अंशांवरून तिरपं घुसतं; तोच छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो. सहा इंची भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता रात्री आत सोडते. दहा वाजता भिंतीवर तळहात ठेवून बघा. बाहेर गार हवा सुटलेली असते, आत एसी चालू! दीड टनी एसी तासाला एक-सव्वा युनिट घेतो. रोज सहा तास धरले तर महिन्याला १८० ते २२५ युनिट. घरातला बाकीचा वापर धरला की महावितरणचा ३०० युनिटांचा टप्पा इथेच ओलांडतो आणि पुढचं युनिट महाग पडतं.

पश्चिम बंद करणं हाही उपाय नाही, कारण उन्हाळ्यात संध्याकाळचा वाराही तिकडूनच येतो. डीच्या मागे २० फुटांवर सी आहे. सीच्या खालच्या मजल्यांना सावली मिळते, पण वारा अडतो आणि स्वयंपाकघरात दिवसाही ट्यूब लागते.

टेरेसवरची चूक जास्त खटकते. लिफ्टची खोली सोलर पॅनेलच्या दक्षिणेला आहे. ४ मीटर उंच खोलीची सावली डिसेंबरात दुपारी साधारण ३.४ मीटर पडते, सकाळी त्याहून लांब. एका पॅनेलवर सावली आली की त्या ओळीचं उत्पादन घसरतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ते घेऊन पॅनेल सावलीत ठेवणं म्हणजे नुकसानच.

घ्यायचा तर ए किंवा बीमधला मधला मजला घ्या. वरचा घेतलात तर स्लॅबवर पांढरा चायना मोझॅक (ऊन परतवणारी, टाइलच्या तुकड्यांची फरशी) हवाच. डीमध्येच परवडत असेल तर दोन गोष्टी बिल्डरकडून लिहून घ्या: पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून उभ्या पट्ट्या, आणि कंपाउंडलगतचे पेव्हिंग ब्लॉक काढून सहा फूट मातीत करंज किंवा कडुनिंब. आतून जाड पडदा लावून भागत नाही. तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. स्लायडिंगऐवजी पूर्ण उघडणारी खिडकीही मागा, स्लायडिंगची निम्मीच उघडते.